रोखा जाळूं नका, पावती मागा

(शेतकरी व कामकरी बंधुभगिनींच्या सभेपुढें केलेलें भाषण)



आज आम्ही आपणांपुढें एका कोरड्या विषयावर बोलणार आहों. विषय आहे सावकाराच्या वहीचा, गहाणखताचा आणि पावतीचा. असा विषय सभेंत काढला म्हणजे लोक जांभया देतात, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु येथें बसलेल्यांपैकीं ज्याच्या घरची जमीन, घर किंवा घरधनिणीच्या अंगावरचा दागिना कधींच गहाण पडला नाहीं, त्यानें हात वर करावा. पाहा, किती हात वर झाले तें! तेव्हां विषय कोरडा असला तरी तो आपल्या घरांतलाच आहे.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतों. त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांत, म्हणजे हल्लींच्या बारामती तालुक्यांत, सुपें नांवाचा बाजाराचा गांव आहे. १२ मे १८७५ रोजीं आसपासच्या खेड्यांतले कुणबी तेथें जमले आणि सावकारांच्या घरांवर व दुकानांवर तुटून पडले. लूट झाली, जाळपोळही झाली. पुढें हें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गांवीं पसरलें. पण या बंडांत लोकांची मुख्य मागणी काय होती? सोनें नव्हे, धान्य नव्हे. ते मागत होते रोखे, खतें आणि वह्या. सावकारानें कागद निमूटपणें हवालीं केले, तेथें बहुधा त्याच्या अंगास कोणी हात लावला नाहीं. कागद हातीं आले कीं लोक ते चव्हाट्यावर आणून जाळीत. या बंडांत माणसें फार थोडीं मेलीं. मेले ते कागद.

आपल्या वाडवडिलांस कागदाचा इतका राग कां आला, हें नीट समजून घेतलें पाहिजे. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां आपल्याकडील कापसाचा भाव चढला आणि सावकारानें हात सैल सोडला. युद्ध संपलें, भाव उतरला, त्यांतच फेरजमाबंदीनें सारा वाढला, आणि सावकारानें सैल सोडलेला हात आंवळून घेतला. त्यांत कायद्याची एक गंमत झाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्याची मुदत तीन वर्षें ठरली. हेतु असा सांगितला गेला कीं, कर्ज वर्षानुवर्षें सांचत राहूं नये. झालें उलटेंच. दर तीन वर्षांनीं सावकार कुळास बोलावी, थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवी आणि नवा रोखा लिहून घेई. शंभराचे दोनशें होत, दोनशांचे चारशें होत. कुळ खालीं नांगराची निशाणी करी आणि घरीं जाई. कागदावर काय लिहिलें आहे तें लिहिणारास ठाऊक, लिहविणारास ठाऊक; ज्याच्या गळ्यांत तो कागद पडे, त्या एकट्यासच तें ठाऊक नसे. महात्मा फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या दैन्याचें मूळ अविद्येंत दाखविलें, तें या नांगराच्या निशाणीकडे पाहिलें म्हणजे पटतें.

या बंडानंतर सरकारनें कमिशन बसविलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. आरंभीं तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्या कायद्यानें कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकणें बंद केलें, एवढेंच पुष्कळांस माहीत असतें. परंतु आमच्या मतें त्यांतील खरी मोलाची कलमें दुसरींच होतीं. कोर्टानें नुसता रोखा पाहून हुकूमनामा देऊं नये. देवघेव पहिल्यानें केव्हां झाली, किती रक्कम हातांत पडली, किती फिटली, हें मुळापासून तपासावें, असें त्यांत सांगितलें. शेतकऱ्याचे दस्त गांवच्या रजिस्ट्रारापुढें लिहिले जावे, असें ठरलें. आणि शेवटीं तीन हक्क दिले: पैसे भरले कीं लेखी पावती मिळण्याचा, दरसाल खात्याचा उतारा मिळण्याचा, आणि मागितल्यास पासबुकांत हिशेब मांडून मिळण्याचा. सावकारानें हें न केल्यास त्यास दंड.

बंधूंनो, विचार करा. चार वर्षांपूर्वीं ज्या लोकांनीं कागद जाळले, त्यांस कायद्यानें काय दिलें? आणखी कागदच दिले! पण फरक केवढा! जाळलेला कागद सावकाराच्या पेटींतला होता. हा नवा कागद कुळाच्या घरांत राहावयाचा होता. आजच्या आमच्या भाषणाचें सार एवढेंच आहे. कागद आपला वैरी नव्हे. एकाच बाजूच्या पेटींत पडलेला कागद हा आपला वैरी आहे.

मग तो कायदा असूनही जमिनी कां गेल्या? एक कारण असें कीं, सावकारानें कायद्यास वळसा घातला. गहाण म्हटलें कीं हिशेब आला, व्याज आलें, सोडवणुकीचा हक्क आला. म्हणून तो म्हणूं लागला, “गहाण नको, खरेदीखतच करून दे. पैसे फिटले कीं जमीन तुला परत.” तें परत देण्याचें वचन तोंडीं, आणि खरेदी मात्र सरकारी शिक्क्याची. पुढें त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन व्यवहाराचें खरें स्वरूप तपासण्याचा अधिकार कोर्टास मिळाला. परंतु युक्ति मेली नाहीं. ती आजही जिवंत आहे, आणि ती आमच्या घरांतही येऊन गेली आहे.

ही गोष्ट सांगावयास आम्हांस संकोच वाटतो, तरी सांगतों. आमच्या वडिलांनीं २००६ सालीं विहिरीच्या कामासाठीं गांवांतल्याच एका गृहस्थाकडून चाळीस हजार रुपये घेतले. व्याज शेंकडा तीन रुपये महिना. बदल्यांत दीड एकर रान लिहून दिलें, आणि तें खरेदीखतानें. रान आम्हीच कसत होतों, व्याज सुगीला पोंचवीत होतों. महिन्याचे बाराशें, वर्षाचे चौदा हजार चारशें. सात वर्षांत लाखाच्या वर व्याज गेलें. वडिलांनीं एकदांही पावती मागितली नाहीं. म्हणत, “अरे, तो काय परका आहे? पावती मागितली तर त्याला वाईट वाटेल.” २०१३ सालीं वडील वारले. तेराव्याला तो गृहस्थ जेवून गेला, आणि महिन्याभरानें खरेदीखत घेऊन दारांत उभा राहिला. “रान माझें आहे, खालीं करा.”

आम्ही चार इयत्ता शिकलेले, पण त्या दिवशीं आमच्या हातांत आणि नांगराची निशाणी करणाऱ्या पणजोबांच्या हातांत कांहीं फरक नव्हता. कागद त्याच्याजवळ होता, आमच्याजवळ नुसतें खरें होतें. पुढें नव्या कायद्याखालीं आम्हीं अर्ज केला. चौकशींत तो शांतपणें म्हणाला, “मीं जमीन विकत घेतली. कर्ज कसलें?” साक्षीदार गप्प. शेवटीं आमच्या मातोश्रींनीं देव्हाऱ्याखालून खताच्या दुकानाचें एक जुनें बिल काढलें. त्याच्या पाठीवर त्याच गृहस्थाच्या अक्षरांत एक ओळ होती: व्याजापोटीं सहा हजार पोंचले. खालीं तारीख, खालीं सही. कधीं काळीं वडिलांनीं नव्हे, तर मातोश्रींनीं त्याला दारांत अडवून तेवढें लिहून घेतलें होतें. त्या एका ओळीनें चौकशीचा रंग पालटला. ज्या व्यवहारांत व्याज आहे, तो विक्रीचा व्यवहार कसा असेल? विकलेल्या जमिनीवर विकणारा व्याज देतो काय? रान आमच्याकडे राहिलें. परंतु आमच्याच आळींतल्या दुसऱ्या एका घराजवळ अशी चिठ्ठी नव्हती. त्यांचें गाऱ्हाणें आमच्याइतकेंच खरें होतें. त्यांचें रान गेलें.

म्हणून आम्ही म्हणतों, दोन घरांत फरक कायद्याचा नव्हता. फरक एका चिठ्ठीचा होता.

आतां तो नवा कायदा काय आहे तें ऐका. १९४६ सालचा मुंबईचा सावकारी कायदा पुष्कळ वर्षें चालला. त्याच्या जागीं २०१४ सालीं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आला. सावकारी करणारास परवाना पाहिजे. परवान्यावांचून सावकारी करणें गुन्हा आहे. त्यास पांच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. बिनपरवाना सावकाराचा वसुलीचा दावा कोर्टांत टिकत नाहीं. देखरेख सहकार खात्याकडे आहे: तालुक्यास सहायक निबंधक, जिल्ह्यास जिल्हा उपनिबंधक.

सावकारानें काय लिहावें आणि काय द्यावें, हेंही कायद्यानें बांधून दिलें आहे. त्यानें रोजकीर्द व खातेवही ठेवली पाहिजे. कर्ज दिल्यावर कुळास लेखी विवरण दिलें पाहिजे, आणि त्यांत रक्कम, तारीख, व्याजाचा दर, तारण काय घेतलें तें, सर्व स्पष्ट असलें पाहिजे. दागिना ठेवून घेतला तर त्याच्या वर्णनाची व अंदाजी किंमतीची सहीची पावती दिली पाहिजे. पैसे घेतले कीं पावती. पावतीवांचून पैसे घेणेंच नाहीं. दरसाल बाकीचा उतारा. आणि कर्ज फिटलें कीं कागदावर तें फिटल्याची न पुसणारी नोंद करून कागद परत, तारण परत, गहाण मोकळें. सावकाराचा उतारा कुळानें बरोबर मानलाच पाहिजे असेंही नाहीं. उतारा घेऊन आपण गप्प राहिलों, म्हणजे तो कबूल केला असें कायदा मानीत नाहीं.

व्याजाचाही दर ठरलेला आहे. २०१४ सालीं सरकारनें ठरविलें कीं, शेतकऱ्यास तारणी कर्जावर सालीना शेंकडा ९ व विनातारणीवर १२. इतरांस तारणीवर १५ व विनातारणीवर १८ याहून अधिक दर लावूं नये. आतां गांवच्या भाषेंत हिशेब करूं. एक लाखाच्या तारणी कर्जावर शेतकऱ्याचें वर्षाचें व्याज नऊ हजार. आणि गांवांत सर्रास चालणारा शेंकडा पांच रुपये महिना हा दर लावला तर साठ हजार! नऊ आणि साठ यांच्यामधले एक्कावन्न हजार कशावर उभे आहेत? केवळ न लिहिण्यावर. कारण साठ हजारांची पावती कोणताही शहाणा सावकार स्वतःच्या हातानें लिहिणार नाहीं. शिवाय आपल्याकडचा दामदुपटीचा जुना दंडक आहे कीं, व्याज मुद्दलाच्या वर जाऊं नये. तोही या कायद्यानें घातला आहे. पण व्याज किती दिलें हेंच लिहिलेलें नसेल, तर दामदुपट केव्हां झाली हें कोण सांगणार?

जमिनीविषयीं त्या कायद्याचें अठरावें कलम प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें. सावकारीच्या व्यवहारांत कर्जाचें तारण म्हणून गेलेली जमीन, मग कागदावर खरेदी असो, गहाण असो कीं भाडेपट्टा असो, अर्जाच्या आधींच्या पंधरा वर्षांतली असल्यास जिल्हा निबंधक तिची चौकशी करूं शकतो. दोन्ही बाजू ऐकून घेतल्यावर तो व्यवहार सावकारीचाच होता अशी खात्री झाली, तर तो दस्त अवैध ठरवून जमीन परत देववूं शकतो. पंधरा वर्षें! पुष्कळ माणसें सोळाव्या वर्षीं आमच्याकडे येतात आणि रडतात. रडण्यापूर्वीं पंचांग पाहावें.

आणि एक सावधगिरी. मुदत-खरेदी, म्हणजे अमुक मुदतींत पैसे दिल्यास जमीन परत, असा करार करावयाचा असेल, तर ती अट त्याच दस्तांत लिहिलेली असली पाहिजे. १९२९ सालच्या दुरुस्तीपासून मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचें असें सांगणें आहे कीं, अट वेगळ्या कागदावर किंवा तोंडीं असेल, तर तो व्यवहार गहाण समजला जाणार नाहीं. “वेगळ्या चिठ्ठीवर देतों लिहून,” असें कोणी म्हणाला, कीं तेथेंच उठावें.

येथें शहरांत राहणारे बंधु म्हणतील, “आमचा सावकाराशीं काय संबंध? आमचें घर बँकेकडे किंवा कंपनीकडे गहाण आहे.” बरोबर. बँकांस सावकारी कायदा लागूं नाहीं, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्त कंपन्यांसही राज्यांचे सावकारी कायदे लागूं होत नाहींत, असा सुप्रीम कोर्टानें २०२२ सालीं केरळ व गुजरातच्या प्रकरणांत निर्णय दिला. पण त्यांस दुसरे नियम आहेत. १ आक्टोबर २०२४ पासून घरकर्जासारख्या नव्या कर्जास ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य गोष्टींचें पत्रक, कर्जदारास समजेल अशा भाषेंत द्यावें लागतें. त्यांत सर्व खर्च धरून पडणारा खरा वार्षिक दर असतो. पत्रकांत नसलेली फी कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवांचून लावतां येत नाहीं. तसेंच, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत घराचे मूळ कागद परत करावे लागतात. बँकेच्या चुकीनें उशीर झाल्यास दर दिवसास पांच हजार रुपये भरपाई. आपल्यापैकीं किती जणांनीं तें पत्रक वाचलें? चाळीस ठिकाणीं सह्या केल्या आणि पेढे वांटले! नांगराची निशाणी गेली, इंग्रजी सही आली. पण न वाचतां केलेली सही ही नांगराचीच निशाणी होय.

शेतकऱ्यास आणखी एक सांगणें. कर्ज फिटलें म्हणजे काम संपत नाहीं. सातबाराच्या इतर हक्कांत बोजा चढलेला असतो. बेबाकीचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जावें, बोजा कमी केल्याचा फेरफार करवून घ्यावा, आणि नवा उतारा डोळ्यांनीं पाहावा. फिटलेल्या कर्जाचा बोजा मुलाच्या वेळीं भूत होऊन उभा राहतो.

आतां सर्वांत अवघड प्रश्न. तुम्ही म्हणाल, “पावती मागितली तर तो पैसेच देणार नाहीं. पोर दवाखान्यांत आहे, रात्रीचे अकरा वाजले आहेत, त्या वेळीं कायदा काढून दाखवूं काय?” हें खरें आहे, आणि यावर शहाणपणाचें उत्तर देणारांचा आम्हांस राग येतो. अडलेल्यानें त्या रात्रीं पैसे घ्यावे. पोर आधीं. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळ उजाडते. पहिलें व्याज देण्याची वेळ येते. त्या वेळीं एकट्यानें जाऊं नये, दोघांतिघांनीं जावें. रोख देण्यापेक्षां त्याच्या बँकेच्या खात्यांत भरावे, म्हणजे त्याची इच्छा असो वा नसो, नोंद राहते. तीही न जमली तर घरच्या वहींत तारीखवार लिहावें, आणि देतांना जो कोणी जवळ असेल त्याची सही घ्यावी. बचत गटांतल्या आमच्या भगिनी दहा रुपयांचीही नोंद करितात. त्यांच्याकडून पुरुषांनीं शिकावें.

आणि एक कडू गोष्ट. पूर्वीं आम्ही परक्या सावकाराकडे व गांवच्या कुळकर्ण्याच्या लेखणीकडे बोट दाखवीत होतों, आणि तेव्हां तें खोटें नव्हतें. पण आज गांवोगांव शेंकडा पांचानें पैसे फिरविणारा कोण आहे? आपलाच भाऊबंद आहे. आपल्याच पंगतीला बसतो, आपल्याच व्यासपीठावर हार घेतो. परक्याच्या जुलमावर बोलणें सोपें. आपल्या माणसाकडे पावती मागणें कठीण. आमच्या वडिलांस तें साधलें नाहीं. बहुजन समाजाच्या नांवानें सभा भरविणाऱ्यांनीं आधीं आपल्या देवघेवीच्या वह्या उघड्या ठेवाव्या, मग दुसऱ्यावर बोलावें.

शाळा शिकलेल्या तरुणांस आमचें सांगणें आहे कीं, शिकल्याचें ऋण फेडावयाचें असेल तर गांवच्या देवळांत महिन्यांतून एक संध्याकाळ बसा. ज्याच्याकडे जो कागद असेल तो वाचून दाखवा. खरेदी आहे कीं गहाण, दर काय, मुदत केव्हां सरते, पंधरा वर्षांपैकीं किती गेलीं, एवढें सांगा. त्यांत वकिली नाहीं, मोठेपणा नाहीं, पण एखाद्याचें रान वांचेल.

सुप्याच्या बाजारांत आपल्या वाडवडिलांनीं कागद जाळले, कारण त्यांस वाचतां येत नव्हतें. आपणांस वाचतां येतें. तेव्हां आपण कागद जाळूं नये. मागून घ्यावा, वाचावा आणि जपून ठेवावा. आमच्या मातोश्री निरक्षर होत्या. तरी त्यांनीं दारांत उभें राहून एक ओळ लिहून घेतली, आणि त्या ओळीवर आमचें दीड एकर रान आज उभें आहे. आज घरीं गेल्यावर प्रत्येकानें देव्हाऱ्याखालीं, पेटींत, आढ्याला खोंचलेल्या पिशवींत हात घालून पाहावें, आणि आपल्या घरांत अशी एक तरी ओळ आहे काय तें शोधावें. नसेल, तर उद्यां जाऊन मागावी.